नोकरी गेली, दाखला मात्र जुन्या पगाराचा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतील एक गठ्ठा मी मुद्दाम बाजूला काढून ठेवला होता. त्या पत्रांतील गावे वेगळी आहेत, आजार वेगळे आहेत, पण अडचण एकच आहे : घरातील कमावत्या माणसाची नोकरी गेली, त्यानंतर आजारपण आले, आणि मदतीसाठी अर्ज केल्यावर ‘आपले उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे’ असे उत्तर मिळाले. उत्पन्नच उरलेले नसताना ते जास्त कसे, हा पत्रलेखकांचा संतप्त आणि अगदी रास्त प्रश्न आहे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अनेक वर्षे काम करताना हाच प्रश्न मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने ऐकलेला आहे. त्यामुळे या अंकात याच एका विषयावरील पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी चाकण परिसरातील एका कारखान्यात पर्यवेक्षक होतो. पगार महिना ३८,००० रुपये होता. ऑगस्टअखेर आम्हा बऱ्याच जणांना कामावरून कमी करण्यात आले. जानेवारीत पत्नीच्या हृदयाची झडप बदलावी लागेल असे निदान झाले. ज्या रुग्णालयात तिची तपासणी झाली ते धर्मादाय असल्याने सवलत मागितली, तर त्यांनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणण्यास सांगितले. दाखल्यावर ४,९२,००० रुपये इतके उत्पन्न आले, कारण त्यात माझा मागील वर्षाचा पगार आणि पत्नीच्या शिवणकामाचे महिना तीन हजार रुपये धरले आहेत. ‘आपण कोणत्याच गटात बसत नाही’ असे सांगून आम्हाला परत पाठविण्यात आले. आज आमच्या घरात फक्त शिवणकामाचे तीन हजार येतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : आपल्या हातातील दाखला पुन्हा एकदा नीट वाचावा. त्यावर एका विशिष्ट आर्थिक वर्षाचे उत्पन्न नमूद असते, आणि तळाशी तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत ग्राह्य आहे ते छापलेले असते. म्हणजे हा कागद आपण आज गरीब आहात की नाही हे सांगतच नाही, तो १ एप्रिल ते ३१ मार्च या सरलेल्या वर्षात आपल्या घरात किती पैसे आले एवढेच सांगतो. ज्या वर्षाचा दाखला आपल्याला मिळाला त्या वर्षात आपण बाराही महिने कामावर होता, त्यामुळे लिपिकाने आकडा चुकीचा लिहिलेला नाही. चूक आहे ती मोजमापाच्या पद्धतीत, आणि ती पद्धत बदलेपर्यंत आपल्याला तारखांचा हिशेब करूनच चालावे लागेल.

परंतु त्याआधी एक गोष्ट, कारण आपल्या पत्रात तिचा उल्लेख कोठेच नाही. उत्पन्न विचारणाऱ्या योजनेकडे जाण्यापूर्वी उत्पन्न न विचारणाऱ्या योजनेचे दार ठोठवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातील सर्व कुटुंबांना लागू झालेली आहे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तिला शिधापत्रिकेच्या रंगाची आणि एक लाख रुपये वार्षिक उत्पन्नाची अट होती, आणि अनेकांच्या मनात ती जुनी अटच अजून घर करून आहे. आता प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी तहसीलदारांचा दाखला लागत नाही. हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया या योजनेत समाविष्ट आहे. अट एवढीच की रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी अधिकृतपणे जोडलेले, असले पाहिजे. आपण ज्या धर्मादाय रुग्णालयात गेलात ते अंगीकृत नसेल, तर जवळचे अंगीकृत हृदयशस्त्रक्रिया केंद्र कोणते हे १५५३८८ या क्रमांकावर किंवा कोणत्याही अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या रुग्णांना मदत करण्यासाठी तेथे नेमलेल्या माणसाकडे) विचारावे. शिधापत्रिका, दोघांची छायाचित्र असलेली ओळखपत्रे आणि आतापर्यंतचे सर्व तपासणी अहवाल सोबत न्यावेत.

आता धर्मादाय रुग्णालयाविषयी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन ठरतो आणि त्याचे उपचार मोफत होतात. ते त्याहून अधिक पण ३,६०,००० रुपयांपर्यंत असेल तर तो दुर्बल घटकात येतो आणि देयकात निम्मी सवलत मिळते. हा खर्च रुग्णालय स्वतःच्या खिशातून उपकार म्हणून करीत नाही. सर्व रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळी काढणे त्याच योजनेने बंधनकारक केलेले आहे, आणि खर्च त्या निधीतून भागविला जातो. (या तरतुदीचा फलक दर्शनी भागात लावणे अपेक्षित असते. मी पाहिलेल्या एका रुग्णालयात तो होता, पण त्याच्यासमोर रबराच्या झाडाची पुरुषभर उंचीची कुंडी ठेवलेली होती.)

आता आपला हिशेब मांडू. चालू आर्थिक वर्षात आपण एप्रिल ते ऑगस्ट असे पाच महिने पगार घेतला, म्हणजे १,९०,००० रुपये. पत्नीच्या शिवणकामाचे बारा महिन्यांचे ३६,००० रुपये. एकूण २,२६,०००. येत्या १ एप्रिलनंतर आपण नव्याने अर्ज केलात तर दाखला या वर्षाचा निघेल, आणि त्यावर हा आकडा असेल. तेव्हा आपण निर्धन ठरणार नाही, कारण १,८०,००० ची मर्यादा ओलांडली जाते, पण दुर्बल घटकात निःसंशय बसाल. मात्र कारखान्याने कमी करताना नुकसानभरपाई दिली असेल तर तिचा विचार वेगळा करावा लागेल. त्याविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहे.

शस्त्रक्रिया एप्रिलपर्यंत थांबू शकते का हे हृदयरोगतज्ज्ञच सांगतील, आणि त्यांचे उत्तर ‘नाही’ असेल तर दाखल्यासाठी एक दिवसही थांबू नये. अशा वेळी कामावरून कमी केल्याचे पत्र, ऑगस्टची पगारपावती आणि सप्टेंबरनंतर खात्यात पगार जमा झालेला नाही हे दाखविणारा बँकेचा उतारा जोडून, बदललेल्या परिस्थितीची तलाठ्यांमार्फत चौकशी करावी, असा लेखी अर्ज तहसीलदारांकडे द्यावा. तोंडी नकार स्वीकारू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली उत्पन्नाचा दाखला ही अधिसूचित सेवा आहे. नकार मिळाला तर तो कारणांसह लेखी मागता येतो आणि त्यावर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. त्याच कागदपत्रांची दुसरी प्रत रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना द्यावी व पोच घ्यावी. पोच असलेला अर्ज नाकारणे कोणालाही जड जाते, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलेले आहे. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करावी.

प्रश्न : आमचे ईएसआयचे कार्ड होते. पगार १७,५०० रुपये. माझे काम १० डिसेंबरला सुटले. मला मधुमेह आहे आणि मुलाला दम्याचा त्रास आहे. ‘नोकरी सुटली की कार्ड बंद’ असे सोबतचे सगळे सांगतात. दवाखान्यात जाऊन अपमान करून घेण्यापेक्षा आधी विचारावे म्हणून लिहीत आहे.
— एक कामगार, बुटीबोरी

उत्तर : सोबतचे सांगतात ते खरे नाही, आणि या गैरसमजापोटी किती कुटुंबांनी हक्काचे उपचार सोडून दिले असतील याची मोजदाद नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजेच ईएसआयमध्ये, पगाराची मर्यादा (सध्या महिना २१,००० रुपये) नोकरीत असताना पाहिली जाते. नोकरी गेल्यावर आपले उत्पन्न किती हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. तेथे पाहिले जाते ते एवढेच की आपल्या नावे वर्गणी किती दिवसांची भरली गेली.

योजनेत वर्षाचे दोन वर्गणी कालावधी असतात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या कालावधीत भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढील १ जानेवारी ते ३० जून या काळात मिळतो, आणि दुसऱ्या कालावधीच्या वर्गणीचा लाभ पुढील १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात. एखाद्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर त्याच्याशी जोडलेला लाभ कालावधी संपेपर्यंत आपल्याला आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना वैद्यकीय लाभ मिळतो. मधल्या काळात नोकरी सुटली असली तरीही.

आपण एप्रिल ते सप्टेंबर पूर्ण काम केले आहे, त्यामुळे येत्या ३० जूनपर्यंत आपला हक्क शाबूत आहे. त्यानंतरचे मात्र जरा दुःखद आहे. १ ऑक्टोबर ते १० डिसेंबर हे दिवस मोजले तर ७१ भरतात. १७ डिसेंबरपर्यंत आपले नाव हजेरीपटावर राहिले असते तर ७८ दिवस झाले असते आणि पुढील ३१ डिसेंबरपर्यंत दवाखाना चालू राहिला असता. एका आठवड्याने सहा महिन्यांचे संरक्षण हुकले. म्हणून सर्व वाचकांना सांगणे आहे की व्यवस्थापनाशी शेवटच्या तारखेची बोलणी करण्याची थोडीशी जरी संधी असेल, तर हे ७८ दिवस बोटावर मोजून घ्यावेत. आपल्याला काही शिल्लक रजेचा पगार डिसेंबरसाठी दिला गेला असेल तर ते दिवस वर्गणीत धरले गेले आहेत का, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात विमा क्रमांक सांगून पाहून घ्यावे.

आपण लिहिलेल्या ‘काम सुटले’ या शब्दांपाशी मी थबकलो. काम सुटले म्हणजे आपण राजीनामा दिला, की आपल्याला कमी केले, की कारखानाच बंद झाला? मालक दर महिन्याची वर्गणी ऑनलाइन भरतो तेव्हा कामावर नसलेल्या कामगारापुढे त्याला कारण नोंदवावे लागते. ‘नोकरी सोडली’ असे नोंदवले गेले आणि प्रत्यक्षात कामगारकपात झालेली असली, तर आपले मोठे नुकसान होते. १ एप्रिल २००५ पासून सुरू असलेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कपातीमुळे बेकार झालेल्या, किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेल्या विमाधारकाला २४ महिन्यांपर्यंत बेकारी भत्ता मिळू शकतो, पहिले बारा महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के, आणि त्या काळात त्याला व कुटुंबाला वैद्यकीय उपचारही मिळतात. राजीनामा देणाऱ्याला यातील काहीच मिळत नाही. ‘हिशेब लवकर करून देतो, एवढे राजीनाम्याचे पत्र लिहून दे’ असे गोड बोलून कोऱ्या कागदावर सही घेण्याची पद्धत आपल्या औद्योगिक वसाहतींत इतकी रुळलेली आहे, की कामगारालाही त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे. तसे झाले नसेल तर शाखा कार्यालयात जाऊन आपल्या नावापुढे कोणते कारण नोंदले आहे ते पाहावे, आणि चुकीचे असल्यास दुरुस्तीचा अर्ज लगेच द्यावा. याखेरीज अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिच्यात आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत, रोख साहाय्य मिळते. दोन्हींसाठी शाखा कार्यालयातच चौकशी करता येईल.

मुलाच्या दम्याची औषधे मात्र उद्याच जाऊन आणावीत. ३० जूनपर्यंत तो आपला हक्क आहे, त्यात अपमानाचे काही कारण नाही.

प्रश्न : आमची शिधापत्रिका पांढरी आहे. पतीची नोकरी गेल्याला वर्ष होईल. पिवळी किंवा केशरी करून घेतल्याशिवाय फुले योजना मिळणार नाही असे शेजारी म्हणतात. एका दलालाने त्यासाठी पैसेही मागितले आहेत.
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : दलालाला एक रुपयाही देऊ नये. पांढऱ्या शिधापत्रिकेवरही योजना मिळते. शिधापत्रिकाच नसेल तर अधिवास दाखल्यावरही मिळते. रंगाचे म्हणाल तर पिवळ्या शिधापत्रिकेची मर्यादा वार्षिक १५,००० रुपये आणि केशरीची एक लाख रुपये अशी आहे. वर्षाला पंधरा हजारांत शहरातील कोणते कुटुंब जगते हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही. स्वस्त धान्यासाठी आपल्याला शिधापत्रिका बदलून घ्यायची असेल तर तो वेगळा अर्ज आहे, तो अवश्य करावा, पण उपचार त्याच्यासाठी अडवून धरू नयेत.

प्रश्न : मुलगा बत्तीस वर्षांचा आहे, दीड वर्षापासून घरी बसून आहे. त्याला मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी धर्मादाय रुग्णालयात न्यायचे आहे. त्याचे स्वतःचे उत्पन्न शून्य आहे, पण दाखल्यात माझे निवृत्तिवेतन (महिना ३२,०००) धरले जाते आणि आम्ही मर्यादेबाहेर जातो. त्याची शिधापत्रिका वेगळी केली तर चालेल का? माझे वय एकाहत्तर आहे.
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपले निवृत्तिवेतन वर्षाला ३,८४,००० रुपये होते, म्हणजे दुर्बल घटकाच्या मर्यादेपेक्षा अवघे २४,००० रुपये जास्त. अशी काठावरची प्रकरणे पाहून मलाही वाईट वाटते. महिना दोन हजारांच्या फरकाने निम्मे देयक आपल्या अंगावर येते. तरीही शिधापत्रिका वेगळी करण्याचा सल्ला मी देणार नाही. दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो, आणि एका छताखाली, एका चुलीवर जेवणाऱ्यांना आपली व्यवस्था एकच कुटुंब मानते. मुलगा खरोखरच वेगळा राहत असेल, त्याचा स्वयंपाक वेगळा होत असेल, तर वेगळी शिधापत्रिका मागणे योग्यच आहे. केवळ देयकासाठी कागदावर भिंत उभी केली, तर तलाठ्यांच्या चौकशीत ती एका चहाच्या कपात कोसळते. शिवाय स्वयंघोषणापत्रात खोटी माहिती दिल्याची जबाबदारी आपल्यावर येते, ती निराळीच. ज्यांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या त्यांना मी हे अधिक सांगायला नको.

मुलासाठी फुले योजनेतील अंगीकृत रुग्णालय पाहावे. त्याला सुचविलेली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत बसते का, हे आरोग्यमित्र त्याचे एमआरआयचे कागद पाहून सांगू शकतील. मणक्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेचे नेमके नाव महत्त्वाचे असते, म्हणून डॉक्टरांकडून ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे.

आपल्या स्वतःसाठीही एक सूचना आहे. वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेखाली २९ ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले आहे. त्यासाठी आधार कार्डावरून वय वंदना कार्ड काढावे लागते. हे संरक्षण घरातील ज्येष्ठांपुरतेच असते, मुलाला त्यातून काही मिळणार नाही. पण आपल्या आजारपणाचा खर्च त्या बाजूला गेला, तर घरातील शिल्लक मुलाच्या उपयोगी येईल.

प्रश्न : नोकरी गेल्यावर भविष्य निर्वाह निधीचे सहा लाख रुपये पतीच्या खात्यात जमा झाले. मी मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले आहे, त्यातून महिना सहा हजार मिळतात. रुग्णालयातील बाईंनी पासबुक पाहून ‘सहा लाख असताना तुम्ही गरीब कशा?’ असे विचारले. माझा भाऊ म्हणतो की शिकवण्यांचे पैसे दाखवूच नकोस, उत्पन्न शून्य लिही.
— एक वाचक भगिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उत्पन्न आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या बाईंनी त्यांची गल्लत केली. भविष्य निर्वाह निधीत साठलेली रक्कम ही यजमानांच्या अनेक वर्षांच्या पगारातून बाजूला पडलेली आणि मालकाने त्यात घातलेली पुंजी आहे. ती या वर्षी हातात आली म्हणून या वर्षीची कमाई होत नाही. धर्मादाय योजनेतील मर्यादा वार्षिक उत्पन्नाच्या आहेत, बँकेतील शिलकीच्या नाहीत. निधी कार्यालयाकडून मिळालेले विवरण आणि बँकेचा उतारा शेजारी शेजारी ठेवून, ही रक्कम निधीतूनच आलेली आहे हे दाखवावे, आणि अर्जात ती लपवून न ठेवता ‘एकरकमी, भविष्य निर्वाह निधी’ असे लिहून वेगळी दाखवावी. पासबुकात दिसणारी आणि अर्जात नसलेली रक्कम संशय उत्पन्न करते. दोन्हीकडे दिसणारी रक्कम बहुधा फारसे प्रश्न निर्माण करीत नाही.

कामगारकपातीची नुकसानभरपाई मात्र इतकी सरळ नाही. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाने ती मिळते, आणि मालकाने दिलेल्या फॉर्म १६ मध्ये ती पगारासोबत दिसू शकते. तेथे दाखल्यावरील आकडा फुगण्याची शक्यता असते. असे झाले तर मालकाकडून त्या रकमेचा तपशील वेगळा लिहून घ्यावा आणि तो अर्जाला जोडावा.

शिकवण्यांविषयी आपल्या भावाचा सल्ला मानू नये. महिना सहा हजार म्हणजे वर्षाचे ७२,००० रुपये होतात. यजमानांचा पगार ज्या वर्षात आलेलाच नाही त्या वर्षाच्या दाखल्यावर हा आकडा आला तरी आपण निर्धन रुग्णांच्या १,८०,००० च्या मर्यादेच्या कितीतरी आत राहता. मग खोटे कशासाठी लिहायचे? उलट ‘शून्य उत्पन्न’ हे शब्द पाहिले की तलाठ्यांपासून समाजसेवकांपर्यंत प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की मग घरभाडे कोण भरते, गॅसची टाकी कशी येते. मी स्वतः असे अर्ज तपासताना शून्याच्या अर्जाला सर्वांत जास्त वेळ देत असे. ‘शिकवण्या ६,०००, दिरांकडून अधूनमधून मदत’ असे लिहिलेला अर्ज खरा वाटतो, कारण तो खरा असतो.

प्रश्न : बेकारीच्या काळात रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांवर महिन्याला अडीच हजार रुपये जातात. फुले योजनेत या गोळ्या मिळतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. ती योजना रुग्णालयात दाखल करून करावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, बाह्यरुग्ण विभागातील रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्वांना मोफत तपासणी व उपचार मिळतात, आणि तेथे उत्पन्न विचारले जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महानगरपालिकांची रुग्णालये त्या विभागाच्या अखत्यारीत नसल्यामुळे तेथे शुल्क असू शकते, हा फरक लक्षात घ्यावा. एखादी गोळी तेथे मिळाली नाही, तर डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घेऊन जनऔषधी केंद्रात विचारावे.

प्रश्न : सून सात महिन्यांची गरोदर आहे आणि मुलाची नोकरी गेली आहे. बाळंतपणासाठी उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवावा का?
— एक आजी, अमरावती

उत्तर : सरकारी रुग्णालयातील बाळंतपणासाठी त्याची गरज नाही. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, गरज पडल्यास सिझेरियनही, औषधे, तपासण्या, आहार आणि घरापासून रुग्णालयापर्यंतची व परतीची वाहतूक मोफत आहे. बाळ आजारी पडले तर वर्षभरापर्यंत त्याचे उपचारही त्यात येतात. जवळच्या केंद्रात सूनबाईंची नोंदणी झालेली आहे ना, एवढे आशाताईंना विचारून खात्री करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला रात्री दोन वाजता हृदयविकाराचा झटका आला. तो आठ महिन्यांपासून बेकार आहे. जवळच्या मोठ्या रुग्णालयाने आधी पन्नास हजार अनामत भरायला सांगितले. शेजाऱ्यांकडून गोळा करून आम्ही ती भरली. नंतर कळले की ते रुग्णालय धर्मादाय आहे आणि फुले योजनेतही आहे. तिसऱ्या दिवशी योजनेचे कागद दिले, तर ‘आता उशीर झाला’ असे सांगितले. आता ते पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भाऊ वाचला, हे आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळीत वाचून बरे वाटले. रुग्णालयाचे नाव आपण कळविले आहे, पण त्यांची बाजू ऐकलेली नसल्याने ते येथे छापीत नाही.

फुले योजना रोकडरहित आहे. रुग्णाने आधी पैसे भरावेत आणि नंतर योजनेकडून परत घ्यावेत अशी सोय तिच्यात नाही, म्हणून कागद केव्हा पुढे केले याला फार महत्त्व येते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून पूर्वमान्यता घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागदपत्रे मागाहून देता येतात. हे काम रुग्णालयाचे आणि आरोग्यमित्राचे आहे, रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाच्या भावाचे नाही. तेव्हा ‘उशीर झाला’ हे उत्तर आपण मुकाट्याने मान्य करू नये. दाखल केल्याची वेळ, अनामतीची पावती, शिधापत्रिका कोणत्या दिवशी कोणाकडे दिली याचा तपशील आणि घरी सोडतानाचा कागद जोडून योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे लेखी तक्रार करावी. अंगीकृत रुग्णालयाने पात्र रुग्णाकडून पैसे घेणे हा योजनेच्या अटींचा भंग आहे. चौकशीत तो सिद्ध झाला तर रक्कम परत करण्यास रुग्णालयाला सांगितले जाते.

दुसरी तक्रार धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे करावी, आणि ती पहिलीच्या निकालाची वाट न पाहता करावी. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेत स्पष्ट म्हटले आहे की तातडीच्या रुग्णाला धर्मादाय रुग्णालयाने ताबडतोब दाखल करून घ्यावे, जीव वाचविण्यासाठी आवश्यक ते उपचार द्यावेत आणि त्याआधी अनामत मागू नये. येथे आपल्या भावाच्या आठ महिन्यांच्या बेकारीचा मुद्दाही उपयोगी पडेल. आठ महिने मागे मोजून आर्थिक वर्षाच्या कोणत्या बाजूला किती पगार पडतो ते पाहावे, आणि ज्या वर्षाचे उत्पन्न कमी भरते त्या वर्षाचा दाखला काढून तक्रारीला जोडावा. भावाच्या घरात आणखी कोणी कमावते असेल तर त्यांचेही उत्पन्न त्यात येईल, हे गृहीत धरावे.

अनामतीची मूळ पावती कोणालाही देऊ नये, फक्त छायाप्रत द्यावी. दोन्ही तक्रारींवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. शेजाऱ्यांकडून घेतलेल्या रकमांची यादी मात्र तक्रारीत घालू नये, ती तेथे कोणी वाचत नाही. तिच्याऐवजी भावाच्या बँक खात्याचा दाखल होण्याच्या आदल्या दिवशीपर्यंतचा उतारा जोडावा.